पहिल्या रांगेतली खुर्ची

मध्यंतर झालं, दिवे लागले आणि पहिल्या रांगेत बसलेल्या काकूंच्या खांद्यावर हात ठेवून मुलाने विचारलं, “आई, दिसतंय ना नीट?” “हो रे, अगदी छान दिसतंय,” काकू म्हणाल्या. मुलगा खुशीत बटाटेवडे आणायला बाहेर गेला. तो दाराआड झाल्यावर काकू शेजारच्या बाईंकडे झुकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “अहो, तो निळ्या झब्ब्यातला आला कधी? मला एकदम आवाजच ऐकू आला.” निळ्या झब्ब्यातला पडदा उघडल्यापासून स्टेजवर होता. उजवीकडच्या झोपाळ्यावर बसून निवांत सुपारी कातरत होता. त्याच्या कातरण्यावर दोनदा हशा झाला होता, आणि त्या हशात काकूही हसल्या होत्या.

पहिली रांग, मधोमध, सगळ्यांत महाग तिकीट. काकूंना काचबिंदू आहे हे मुलाला ठाऊक होतं, म्हणूनच त्याने पहिली रांग घेतली होती. दिसायला कमी म्हणजे पुढे बसवायचं, हा हिशेब आपल्याकडे शाळेच्या बाकापासून चालत आलेला. तो पोरांच्या साध्या चष्म्याच्या नंबराला लागू पडतो. काचबिंदूला तो उलटा लागू पडतो, आणि हे तिकीट काढणाऱ्याला कोणी सांगत नाही.

इंदुरात मराठी नाटक म्हणजे मुंबई-पुण्याहून आलेली पाहुणी मंडळी. ट्रकमधून नेपथ्य येतं, बसमधून नट येतात, आणि दोन दिवसांत सगळं उरकून परत जातात. सानंद या इथल्या मराठी संस्थेचेच पाच दर्शक गट आहेत. कुणाचं नाव रामूभैया दात्यांवरून, कुणाचं राहुल बारपुत्यांवरून, कुणाचं मामा मुजुमदारांवरून. शनिवार-रविवारात पाचही गटांचे प्रयोग होतात. पुण्यात एक प्रयोग नीट दिसला नाही तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या थेटरात बघता येतो. इथे हुकलं ते हुकलं. त्यामुळे खिडकीशी “भिया, आगे की देना” हे वाक्य रामबागेतल्या आजोबांच्या तोंडीही असतं आणि सुदामा नगरातून रिक्षा करून आलेल्या आत्यांच्याही. पुढची म्हणजे चांगली. कुणाच्या डोळ्यांना, हे विचारायची पद्धत नाही.

तर आधी पहिल्या रांगेचंच बघू. आपल्याकडच्या बऱ्याच सभागृहांत स्टेज तीन-साडेतीन फूट उंच असतं, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून पावणेचार-चार फुटांवर. म्हणजे नजर स्टेजच्या फळ्यांवरून जेमतेम सरपटत जाते. जमिनीवर पडलेलं पत्र दिसत नाही, पाय दिसत नाहीत, सोफ्याच्या मागे कुणी खाली बसलं तर तो माणूस नाटकातून गेलाच. नट अगदी पुढच्या कडेशी आला की मान मागे टाकावी लागते, आणि बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर मान जरा जास्त मागे टाकली की नजर काचेच्या खालच्या, वाचायच्या भागातून जाते. नट सर्वांत जवळ आलेला असतो तेव्हाच सर्वांत धूसर. बाल्कनीत या त्रासाचा जुळा भाऊ भेटतो. तिथे मान सरळ ठेवून फक्त डोळे खाली वळवले की पुन्हा तोच वाचायचा भाग आडवा येतो. बाल्कनीत हनुवटी खाली घ्यायची, म्हणजे लांबचा भाग कामाला येतो. त्याहून सोपं म्हणजे नाटकासाठी फक्त लांबच्या नंबराचा वेगळा चष्मा ठेवणं. जुन्या फ्रेममध्ये तशा काचा बसवून घेतल्या तर फार खर्च येत नाही. नुसत्या चष्म्याने सुटणारं दुखणं असेल, तर महागडी रांग घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

आता अंतर. दृष्टी ६/६० म्हणजे निरोगी डोळ्याला जे साठ मीटरवरून ओळखू येतं ते या डोळ्याला सहा मीटरवर आणावं लागतं. निरोगी डोळा दहा मीटरवरून साधारण तीन मिलिमीटरचा तपशील वेगळा काढू शकतो. ६/२४ वाल्याला त्याच अंतरावर तो तपशील बाराएक मिलिमीटरचा लागतो, आणि ६/६० वाल्याला तीन सेंटीमीटरचा. तीन सेंटीमीटर म्हणजे माणसाचा एक अख्खा डोळा. म्हणजे दहा मीटरवर भुवई उडाली, ओठ मुडपला, हे सगळं ६/६० वाल्यासाठी झालंच नाही. पाच मीटरवर दीड सेंटीमीटर. तिथे निदान तोंड उघडलं-मिटलं हे कळतं. अंतर अर्धं केलं की प्रतिमा दुप्पट होते. कागदावर हे साधं वाटतं, पण रांगांमध्ये त्याचा अर्थ मजेदार आहे. दुसऱ्या रांगेवरून पाचवीत गेलं की बराच फरक पडतो. पंधरावीवरून अठरावीत गेलं तर फारसा नाही. तेव्हा ज्याला पुढचं परवडत नाही त्याने मधल्या रांगांसाठी जास्त पैसे मोजण्यात शहाणपण नाही. सरळ मागचं घ्यावं आणि उरलेल्या पैशांत दुर्बीण घ्यावी.

रांगेचं मीटरमध्ये गणित असं. पहिली रांग स्टेजच्या कडेपासून साडेतीन-चार मीटरवर असते. नट सहसा कडेपासून दोनेक मीटर आत खेळतात. म्हणजे पहिल्या रांगेतून खरं नाटक साडेपाच मीटरवर. पुढे प्रत्येक रांगेला पाऊण ते एक मीटर, सरासरी नव्वद-पंचाण्णव सेंटीमीटर धरा. पाचवी रांग नऊ-साडेनऊ मीटर, दहावी चौदा, अठरावी एकवीस-बावीस. घरी गच्चीवर किंवा लांब व्हरांड्यात संध्याकाळी एक दिवा लावून घरातल्या कुणाला तरी उभं करावं. बोलू नको म्हणावं, नुसते हात हलव, तोंड वेंगाड, पाठ फिरव. कोण उभं आहे हे कितीवरून कळतं, हसतोय की रडतोय हे कितीवरून, ते पावलांनी मोजावं. आपलं सावकाश पाऊल साठ-सत्तर सेंटीमीटरचं. चेहरा आठ मीटरवरून ओळखू आला तर तिसरी-चौथी रांग. घरात हे करताना हसायला होतं, नातवंडं तर मुद्दाम वेडीवाकडी तोंडं करतात, पण डोळ्यांच्या दवाखान्यातल्या तक्त्यापेक्षा या गच्चीवरून थेटरातली खुर्ची जास्त नेमकी ठरते.

पण हे सगळं तीक्ष्णतेचं झालं. काकूंचं दुखणं वेगळं.

काचबिंदूत किंवा डोळ्याच्या पडद्याच्या रातांधळेपणा आणणाऱ्या आजारात मध्यभाग पुष्कळ काळ शाबूत राहतो आणि कडा झडत जातात. नळीतून बघावं तसं. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यातही मंददृष्टीची व्याख्या दोन पायांवर उभी आहे: एक तक्त्यावरची तीक्ष्णता, ६/१८ पासून ३/६० पर्यंतची, आणि दुसरा दृष्टीचा घेर, चाळीस अंशांपेक्षा कमी ते दहा अंशांपर्यंतचा. तिकीट काढताना आपण पहिला पाय तेवढा धरतो. समजा घेर वीस अंशांचा उरलाय. साडेपाच मीटरवरून, म्हणजे पहिल्या रांगेतून, त्यात मावते जेमतेम एकोणीसशे मिलिमीटर रुंदी. एक सोफा. झोपाळा त्याच्या बाहेर. सुपारी कातरणारा त्याच्या बाहेर. काकू सोफ्यावरच्या सुनेकडे बघत होत्या, आणि सून बोलत होती तोवर त्यांना मान वळवायचं कारणच नव्हतं. तोच डोळा दहाव्या रांगेत नेला तर पाच मीटर रुंदी मावते; अठराव्या रांगेत साडेसात, म्हणजे पंचवीस फूट. स्टेजचं तोंड तीस-पस्तीस फुटांचं धरलं तर जवळजवळ अख्खा दिवाणखाना. मधली तीक्ष्णता ६/९ किंवा ६/१२ असेल तर तिथूनही चेहरे पुरेसे लागतात. काकूंना बारावी-तेरावी रांग हवी होती, आणि ती बहुतेक ठिकाणी बरीच स्वस्त असते. प्रेमापोटी जास्त पैसे मोजून मुलाने आईचं नाटक लहान करून ठेवलं. त्याला दोष देववत नाही. आणि “छान दिसतंय” म्हणणाऱ्या काकूंनाही नाही. तिकिटाची किंमत मुलाने दिलेली असली की मराठी आईला सगळंच छान दिसतं.

याच्या उलट, ज्यांच्या पडद्याचा मध्यभाग गेलेला आहे, म्हातारपणातल्या मॅक्युलाच्या आजाराने किंवा मधुमेहाने, त्यांना कडा दिसतात आणि ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. अशी माणसं नटाच्या कानाच्या बाजूला किंवा डोक्याच्या वर नजर लावून बघायला शिकतात. शेजारच्याला वाटतं यांचं लक्ष नाही. यांना पुढेच बसवावं, पण तिसऱ्या ते पाचव्या रांगेत, आणि अगदी मधोमध हवं असा हट्ट नको. नजर तिरकी लावायची सवय असलेल्याला वाटेलगतची जरा बाजूची खुर्ची अडत नाही, आणि पुढच्याच रांगांमधल्या कडेच्या खुर्च्या काही प्रयोगांना कमी दरात असतात. त्या खुर्चीचा तोटाही ऐकून ठेवावा. ज्या बाजूला बसाल त्याच बाजूचा मागचा कोपरा झाकला जातो. डावीकडे बसलात तर डाव्या भिंतीतलं दार दिसणार नाही, नट तिथून उगवल्यासारखे वाटतील. शिवाय समोरच्या विंगेतले उभे दिवे थेट डोळ्यांत येतात. मोतीबिंदू असलेल्याला ते फार सतावतात, सगळं दूध सांडल्यासारखं पांढुरकं होतं. त्याने कडेची खुर्ची टाळावी, किंवा पुढे झाप असलेली टोपी घालावी आणि मागच्या रांगेची कुरकुर सोसावी. एकाच डोळ्याने दिसतं त्यांच्यासाठी बाजू ठरलेलीच आहे: उजवा गेला असेल तर सभागृहाच्या उजव्या बाजूला बसायचं, म्हणजे स्टेज सगळं डावीकडे, चालत्या डोळ्यापुढे राहतं.

पुढे बसण्याचं एक कारण डोळ्यांशी संबंधितच नाही, आणि ते फारसं कुणी बोलत नाही. चेहरे न दिसणारा माणूस नाटक बघतो ते आवाजाच्या दिशेवरून. सासरे डावीकडून बोलले, मुलगी मागून ओरडली, दाराशी कुणी खाकरलं. आता जवळजवळ सगळं माइकवर चालतं, आणि आवाज येतो तो दोन बाजूंच्या स्पीकरच्या पेट्यांमधून. मागच्या रांगेत सातही पात्रं एकाच पेटीतून बोलतात. चांगल्या डोळ्यांना काही फरक पडत नाही, ते ओठांवरून जुळवून घेतात. मंददृष्टीचा माणूस मात्र तिथे खरोखर हरवतो: आता कोण बोललं? चौथ्या-पाचव्या रांगेपर्यंत नटाचा मूळ आवाज पेटीच्या आवाजात मिसळून का होईना पोचतो, आणि तेवढ्यावर दिशा लागते. म्हणून पुढे बसायचं तर पेटीच्या तोंडासमोरची खुर्ची नको. दोन बाजूंच्या अगदी टोकाच्या चार-पाच खुर्च्या सोडाव्यात.

खुर्च्यांचा प्लॅन बघायची रीत बदलली. पूर्वी खिडकीतल्या माणसापुढे पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागदी प्लॅन असायचा, पेन्सिलीच्या फुल्या मारलेला, आणि त्याला विचारता यायचं. आता मोबाइलवर करडे आणि हिरवे चौकोन. ज्याला कमी दिसतं त्यालाच ते सर्वांत कमी दिसतात, हा विनोद वेगळा. त्या नकाशात काय नसतं ते लक्षात घ्यावं. पहिल्या रांगेपुढे मानाच्या सोफ्यांच्या दोन रांगा लागतात, ते नसतं. ए ही रांग पुढून मोजलीय की मागून, हे दरवेळी कळत नाही. सिनेमाघरांत तर उलटसुलट असतं. म्हणून फोन करून विचारावं ते “कुठली रांग” असं नाही, “स्टेजपासून कितवी, सोफे धरून” असं. दुसरा प्रश्न: उतार कुठून सुरू होतो? पुष्कळ सभागृहांत पुढच्या सात-आठ रांगा जवळजवळ सपाट असतात, आणि सहाव्या रांगेत बसून पाचव्या रांगेतला अंबाडा बघण्यासाठी कोणी पाचशे रुपये देत नाही. तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा: आडवी वाट कुठे आहे? दोन दारांना जोडणारी जी वाट सभागृह मधोमध कापते, तिच्या लगेच मागची रांग. पुढे कुणाचं डोकं नाही, पाय पसरता येतात, काठी ठेवता येते. वाट बहुतेक वेळा जिथे दर बदलतो तिथेच असते, म्हणजे ही रांग कमी दराच्या गटातली पहिली. उशिरा येणारे मोबाइलची विजेरी डोळ्यांवर मारत जातात, तेवढा पहिल्या दहा मिनिटांचा त्रास. काचबिंदूवाल्यांसाठी याहून चांगली खुर्ची नाही, असं माझं ठाम मत आहे. बाल्कनीची पहिली रांग हिला जवळची, पण कठडा नेमका नजरेच्या रेषेत येतो का ते बसून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि तिथल्या चढ-पायऱ्या अंधारात जिवावरच्या. नृत्य असेल तर मात्र बाल्कनी. वरून रांगोळीसारखं दिसतं.

दुर्बिणीबद्दल फसगत फार होते. पक्षी बघायची आठपट दुर्बीण आणतात, ती जड, हात थरथरला की नट नाचतो, आणि घेर इतका लहान की कोण कुठे गेलं ते शोधण्यात प्रवेश संपतो. नाटकाला तीनपट पुरते. पंधरा मीटरवरचा नट पाच मीटरवर येतो. आकडे ३×२५ असे लिहिलेले असतात. पहिला मोठेपणाचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा. दुसऱ्याला पहिल्याने भागा: आठ मिलिमीटर रुंदीचा उजेड डोळ्यापर्यंत येतो. खिशातली छोटी ८×२१ घेतली तर भागाकार अडीचच्या आसपास, आणि अंधाऱ्या प्रवेशात तिच्यातून काजळी दिसते. चष्मा न काढता बघायचं तर डोळ्याकडची रबराची कड दुमडावी. पडदा उघडण्याआधी झालरीवरच्या जरीवर किंवा माइकच्या दांड्यावर नजर लावून चाक फिरवून ठेवावं, कोपर खुर्चीच्या हातावर टेकवावं. आणि सतत लावून बसू नये, हात भरून येतात. तिचा खरा उपयोग पहिल्या दहा मिनिटांत: प्रत्येक पात्र एकदा नीट बघून घ्यायचं, साडीचा रंग, चाल, उंची, आणि त्याला आवाज जोडून टाकायचा. जांभळी म्हणजे थोरली, लंगडत चालतो तो मामा. मग दुर्बीण मांडीवर ठेवून दोन तास निभतात. मध्यंतरानंतर कपडे बदलतात, तेव्हा पुन्हा पाच मिनिटं. घेर कमी असलेल्याने मात्र दुर्बिणीच्या वाटेला जाऊ नये. नळीला आणखी नळी कशाला.

निळ्या उजेडातले रात्रीचे प्रवेश वयस्कांना अवघडच जाणार. वयाने डोळ्यातलं भिंग पिवळं होतं आणि निळा उजेड गिळून टाकतं. त्याला खुर्चीचा इलाज नाही.

नुसत्या अंधाराला मात्र वेळेचा इलाज आहे. दुपारच्या चारच्या प्रयोगाला मे महिन्यात खंडवा रोडवरून रिक्षाने येऊन थेट अंधारात शिरलं की डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं जातात, म्हणजे पहिला प्रवेश संपला. रस्त्यात काळा चष्मा लावावा, तिसऱ्या घंटेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी आत जाऊन बसावं, आणि मोबाइल काढूच नये. सकाळचा प्रयोग मिळत असेल तर तो उत्तम: डोळे ताजे, परतताना उजेड. रात्रीच्या प्रयोगाला नाटक कमी आणि सुटल्यावर पायऱ्या कशा उतरायच्या याचीच धास्ती जास्त असते. ज्यांना रात्री दिसत नाही ते शेवटचा प्रवेश अर्धवट टाकून उठतात, गर्दीआधी बाहेर पडायला. लोक त्यांच्याकडे रागाने बघतात.

त्या दिवशी काकू उठल्या नाहीत. दुसरा अंक त्यांनी मान किंचित डावीकडे कलती ठेवून, बराच वेळ डोळे मिटूनच ऐकला. पडदा पडला, पुन्हा उघडला, आणि नमस्कारासाठी सगळे नट पुढे येऊन एका रांगेत उभे राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काकूंनी मान डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवली. एकदा फिरवली, मग परत मागे आणली. मुलगा टाळ्या वाजवत होता. त्याच्या दंडाला हात लावून काकू म्हणाल्या, “अगं बाई, सात जण होते?”